टीममध्ये सहमतीने निर्णय घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं

"हे आपण सगळे मिळून ठरवूया" असं टीम लीड म्हणाला की अर्ध्या लोकांच्या मनात येतं, झालं, आता तीन तास मीटिंग. आणि उरलेल्यांना वाटतं की बरं झालं, म्हणजे आता माझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यामुळेच बऱ्याच टीम दोन-तीनदा प्रयत्न करून हा प्रकार सोडून देतात, म्हणून जरा निवांत समजावून सांगतो.

सहमती म्हणजे सगळ्यांना एकच पर्याय सगळ्यात जास्त आवडला पाहिजे असं नाही. आणि कुणी काही बोललं नाही म्हणजे सहमती झाली असं तर अजिबातच नाही. सहमती झाली असं तेव्हा म्हणायचं जेव्हा प्रत्येकाचं म्हणणं खरोखर ऐकून झालंय, त्यातून ज्या अडचणी निघाल्या त्यांच्यावर काहीतरी उत्तर शोधून झालंय, आणि ज्यांची पहिली पसंती वेगळी होती तेसुद्धा म्हणतायत की ठीक आहे, मी आड येणार नाही आणि उद्यापासून माझ्या वाट्याचं काम मनापासून करेन. एवढंच. पण हे "एवढंच" करायला पद्धत लागते.

मग हात वर करून मोजलं तर काय बिघडलं? निवडणुकीत ते ठीक आहे, तिथे मत देऊन माणूस घरी जातो. ऑफिसात मात्र पाच विरुद्ध तीन असा निर्णय झाला की हरलेल्या तिघांनाच सोमवारपासून ते काम करायचं असतं, आणि त्या तिघांना जी अडचण दिसत होती ती मोजणीत कुठेच नोंदवली जात नाही. कधीकधी ती अडचण खरी असते आणि दोन महिन्यांनी सगळ्यांच्याच अंगावर येते.

इंटरनेट कसं ठरतं ते बघा

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ. ईमेल कसा जाईल, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसं बोलतील याचे बरेचसे नियम तिथे ठरतात. तिथे मेंबरशिपच नाही, कुणीही मेलिंग लिस्टवर येऊन मत मांडू शकतं, त्यामुळे मतदान घ्यायचं म्हटलं तरी मतदार कोण हेच ठरवता येत नाही. १९९२ मध्ये त्यांच्यातले डेव्हिड क्लार्क यांनी एक वाक्य मांडलं जे आजही तिथे लोक म्हणतात, त्याचा आशय असा की राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला मान्य नाही, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडवर आहे.

ही ढोबळ सहमती बघायची कशी, तर त्यांच्या मीटिंगमध्ये चेअर विचारतो की अमुक प्रस्तावाच्या बाजूने असाल तर हम करा, आणि लोक तोंड बंद ठेवून "हं...." असा आवाज काढतात. मग विरोधातल्यांनी हम करायचं. यात कुणाचा हात वर होता ते दिसत नाही, कुणी मोजत बसत नाही, फक्त खोलीचा कल कळतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हम झाल्यावर चर्चा संपत नाही, तिथून सुरू होते, कारण विरोधात थोडा जरी आवाज आला तरी चेअरने विचारायचं असतं की बाबा, अडचण काय आहे.

२०१४ मध्ये त्यांनी या पद्धतीवर एक दस्तऐवज काढला, आरएफसी ७२८२, त्यात दोन गोष्टी लिहिल्यात ज्या पहिल्यांदा वाचल्यावर डोकं गरगरतं. शंभर लोक बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती नसू शकते. आणि पाच बाजूने, शंभर विरोधात असले तरी सहमती असू शकते! हे कसं काय? तर त्या पाच जणांनी दाखवलेला दोष खरा असेल आणि शंभरातल्या कुणाकडे त्याचं उत्तर नसेल, तर शंभर या आकड्याला काही किंमत नाही. उलट शंभर जण येऊन एकच हरकत परत परत सांगत असतील, आणि त्या हरकतीचं तपासून नीट उत्तर आधीच देऊन झालं असेल, तर केवळ गर्दी जास्त म्हणून काम अडवायचं नाही. म्हणजे मोजायची माणसं नाहीत, बघायचं ते हरकतीत दम आहे का, आणि तिला उत्तर मिळालंय का. हरकत ऐकलीच पाहिजे, तपासलीच पाहिजे, पण दरवेळी मान्य केलीच पाहिजे असं नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे आणि बहुतेक टीम इथेच घसरतात, एकतर हरकत ऐकतच नाहीत किंवा एकाची हरकत आली की सगळं गुंडाळून ठेवतात.

समजा गणपतीत सपोर्ट कोण करणार हे ठरवायचंय

आता आपल्याकडचं घेऊ. समजा पुण्यात आठ जणांची टीम आहे, क्लायंट अमेरिकेत, सपोर्ट चोवीस तास, आणि सणासुदीला कोण ऑन-कॉल राहणार, म्हणजे फोन आला की लगेच कामाला लागणार, हा दरवर्षीचा वाद. आतापर्यंत मॅनेजर शीट बनवून पाठवायचे आणि लोक ग्रुपवर थम्ब्स-अप टाकून मनातल्या मनात चडफडायचे. यावर्षी सहमतीने ठरवायचंय.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न नीट लिहिणं. "गणपतीला सुट्टी कुणाला?" असा प्रश्न टाकला की भांडणच होणार, कारण त्यात एकाला मिळालं की दुसऱ्याचं गेलं. त्याऐवजी "वर्षभरात सणाच्या दिवशी सपोर्ट चालू राहील आणि कुणा एकावरच भार पडणार नाही अशी सोय काय?" असा प्रश्न ठेवला की लगेच दिसतं की पाटण्याहून आलेल्या मुलीला गणपतीत काम करायला काहीच वाटत नाही, तिला छठला घरी जायचंय, एकाला ईद महत्त्वाची, एकीला ओणम. मागण्या एकमेकांवर आदळत होत्या असं वाटत होतं, प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या तारखांच्या होत्या.

दुसरी पायरी, बोलण्याआधी प्रत्येकाने पाच मिनिटं लिहायचं. कागदावर, शीटमध्ये, कुठेही. मग एकेक करून सगळ्यांनी वाचून दाखवायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही, आणि मॅनेजरने सगळ्यात शेवटी बोलायचं. हे शेवटचं फार पाळावं लागतं.

त्यातून एक प्रस्ताव तयार होतो. धरा की असा: प्रत्येकाने वर्षातले दोन सण आपले म्हणून निवडायचे, त्या दिवशी त्याला ऑन-कॉल नाही, बाकीचे दिवस चिठ्ठ्या टाकून वाटायचे, आणि रोस्टर महिनाभर आधी जाहीर करायचं. आता इथे विचारायचा प्रश्न "सगळ्यांना आवडलं का?" हा नाही. प्रश्न असा: "हे असंच लागू केलं तर काय बिघडेल असं कुणाला दिसतंय का?"

आणि मग हरकती येतात. कोकणातला एकजण सांगतो की रोस्टर महिनाभर आधी येऊन मला उपयोग नाही, रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या फुल्ल होतात, तोपर्यंत मला सुट्टी नक्की माहीतच नसेल तर मी तिकीट काय काढू. नुकतीच जॉइन झालेली मुलगी म्हणते की माझ्याकडे प्रॉडक्शनचा ॲक्सेस, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टीममध्ये शिरायची परवानगी, नाही, माझ्या एकटीच्या शिफ्टला सर्व्हर पडला तर मी फक्त इतरांना फोन करत बसणार, म्हणजे सुट्टीवरच्यांचा सण तसाही जाणार. आणि तिसरा म्हणतो मला हे चिठ्ठ्या प्रकरणच पटत नाही, सरांनी शीट दिलेली बरी.

या तिन्हींकडे एकाच नजरेने बघायचं नाही. पहिल्या दोघांनी काय बिघडेल आणि कसं बिघडेल ते सांगितलं, या खऱ्या हरकती. त्यावर प्रस्ताव बदलायचा: रोस्टर तीन महिने आधी, आणि नवीन माणसाच्या शिफ्टला ॲक्सेस असलेला एक बॅकअप, नाहीतर ॲक्सेस मिळेपर्यंत तिला एकटीला शिफ्ट नाही. तिसऱ्याला विचारायचं की चिठ्ठ्या टाकल्या तर कामाचं नक्की काय नुकसान होईल, आणि तो जर म्हणाला की नुकसान असं नाही, मला आपलं आवडत नाही, तर ती त्याची नापसंती झाली, ती लिहून घ्यायची, मान ठेवायचा, पण तिच्यामुळे थांबायचं नाही. बघा ना, त्या नवीन मुलीची हरकत मतदानात कधीच वर आली नसती, तिने गपचूप हात वर केला असता आणि गोष्ट गणपतीच्या रात्री कळली असती.

शेवटी कल बघायला बोटांची पद्धत सोपी पडते. सगळ्यांनी एकाच वेळी हात वर करून बोटं दाखवायची. पाच म्हणजे मस्त, मी पुढाकार घेतो, चार म्हणजे चांगलंय, तीन म्हणजे चालेल, दोन किंवा एक म्हणजे मला शंका आहेत, बोलायचंय, आणि मूठ म्हणजे हे असंच पुढे गेलं तर टीमचं नुकसान आहे, थांबा. सगळे तीन किंवा त्याच्या वर असतील तर झालं. दोन दाखवणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे विचारायचंच, की तुझी दोनची तीन व्हायला काय बदलायला लागेल?

नेदरलँड्समध्ये गेरार्ड एंडेनबर्ग यांनी १९७० च्या सुमारास स्वतःच्या इलेक्ट्रिकल कंपनीत साधारण याच धर्तीची पद्धत बसवली, तिला सोशिओक्रसी म्हणतात. तिथेही निर्णय पास व्हायची कसोटी अशी की कुणाचीही कारणासहित गंभीर हरकत उरलेली नाही. सगळे खूश आहेत का, हे बघितलंच जात नाही. चालणाऱ्या कंपनीत हे करून दाखवलं म्हणून सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं की हे सगळं एनजीओवाल्यांचं काम.

गप्प बसण्याचं काय करायचं

आपल्याकडच्या मीटिंगमधली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे भांडण नाही, शांतता. "ओके ना सगळ्यांना?" असं विचारलं की तीन सेकंद कुणी बोलत नाही आणि मग "चला, डन" होतं. खरी चर्चा नंतर चहाच्या टपरीवर होते.

माणूस गप्प का बसतो यावर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात प्रयोग केले होते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली कुठली पहिलीएवढी लांब ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना सरळ दिसत होतं. पण खोलीतले बाकी सगळे ॲशचेच लोक, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. तर ज्या फेऱ्यांमध्ये ते सगळे चुकीचं बोलले त्यातल्या साधारण एक तृतीयांश वेळा खऱ्या माणसानेही त्यांच्या मागोमाग चुकीचंच उत्तर दिलं. आणि त्याच प्रयोगांतला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग असा की त्या गर्दीत एकजण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला तरी चुकीच्या मागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. एकच माणूस! म्हणून मीटिंगमध्ये पहिली शंका काढणाऱ्याला "तू नेहमी निगेटिव्हच" म्हणून गप्प केलं तर फक्त त्याचंच तोंड बंद होत नाही, त्याच्यामागून बोलू शकले असते अशा सगळ्यांचं होतं.

दुसरी गोष्ट व्यवस्थापनाचे प्राध्यापक जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये लिहिली, टेक्सासमधल्या एका कुटुंबाची. भर उन्हाळ्यात घरी आरामात बसलेले चौघे, सासरे म्हणतात चला ॲबिलीनला जेवायला जाऊ, सगळे हो हो करतात, एसी नसलेल्या गाडीतून धुळीतून जातात, बेकार जेवण जेवून परत येतात आणि मग एकेकजण कबूल करतो की मला जायचंच नव्हतं, तुम्हाला जायचंय असं वाटलं म्हणून आलो. सासरे सुद्धा! म्हणजे इथे मतभेद नव्हतेच, सगळ्यांचं न जाण्यावर एकमत होतं, फक्त ते कुणी बोललं नाही. ऑफिसात असे किती प्रोजेक्ट चालू असतात.

आपल्या टीममध्ये याला आणखी एक पदर आहे ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्याला इंग्रजी फाडफाड येतं तो मीटिंगमध्ये जास्त बोलतो, आणि त्याचं म्हणणं जास्त पटतं असं वाटायला लागतं. लातूरहून, धुळ्याहून आलेल्या मुलाला प्रॉब्लेम बरोबर दिसत असतो पण वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून तर आधी लिहायचं म्हणतोय, आणि मराठीत, हिंदीत, जसं येईल तसं लिहू द्या. सॉफ्टवेअरवाल्यांना प्लॅनिंग पोकर माहीत असेल, काम किती मोठं आहे याचे पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे, ते याचसाठी, नाहीतर सिनिअरने पाच म्हटलं की सगळेच पाच म्हणतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर म्यूट माइकला होकार समजणं बंदच करा, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा.

गडचिरोलीतलं एक गाव

सहमतीने चालत नाही, वेळ जातो, असं म्हणणाऱ्यांनी मेंढा (लेखा) बद्दल जरूर वाचावं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड आदिवासी गाव, लोकवस्ती पाचशेच्या आसपास. गावातलेच देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या लोकांच्या साथीने या गावाने अनेक वर्षं ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने घेतले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकारही प्रत्यक्षात हातात आला. एवढ्या मोठ्या जंगलाचा आणि पैशाचा कारभार ज्यांनी सांभाळला त्यांची पद्धत कच्ची म्हणता येत नाही.

ऑफिसवाल्यांनी तिथून घ्यायची गोष्ट म्हणजे अभ्यासगट. विषय समजून घ्यायला, बाहेरच्या जाणकाराला बोलवायला, प्रश्न विचारायला, वाद घालायला वेगळी बैठक, आणि त्या बैठकीत निर्णय घ्यायचाच नाही. निर्णय ग्रामसभेत. दोन्ही वेगळं ठेवल्यामुळे अभ्यासगटात कुणाला बाजू घ्यावी लागत नाही, अडाणी प्रश्नही बिनधास्त विचारता येतो, मत बदललं तरी कमीपणा वाटत नाही. आपण ऑफिसात एकाच तासात माहिती देतो, चर्चा करतो आणि निर्णयही मागतो, आणि मग लोकांनी तयारीशिवाय होकार दिला म्हणून रागावतो. मोठा विषय असेल तर आज फक्त समजून घ्यायची बैठक आणि दोन दिवसांनी निर्णयाची, असं करून बघा, दुसरी बैठक पटकन संपते.

अडलं तर काय, हे आधीच ठरवा

एकाने मूठ दाखवली आणि ती खाली येतच नाही, असं होणार. त्यासाठी नियम आधी लागतो, भांडण सुरू झाल्यावर नाही.

डिसेंबर २०१९ मधल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. जागतिक व्यापार संघटनेत वादांवरचं अपील ऐकणाऱ्या मंडळावर नवीन सदस्य नेमायला सगळ्या देशांची सहमती लागते, अमेरिकेने ती द्यायचं नाकारलं, जुन्यांच्या मुदती संपत गेल्या आणि त्या महिन्यात मंडळावर पुरेसे सदस्यच उरले नाहीत, नवीन अपील ऐकणं थांबलं. त्याच महिन्यात आपल्या जीएसटी कौन्सिलमध्ये लॉटरीवर कर किती हा वाद मिटेना. तोपर्यंत कौन्सिलने सगळे निर्णय सहमतीनेच घेतले होते, पण घटनेतच सोय करून ठेवलेली, केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात. मग पहिल्यांदा मतदान झालं, २८ टक्के दर ठरला, आणि कौन्सिल पुढच्या कामाला लागलं.

टीमसाठी याचा साधा अर्थ असा की सुरुवातीलाच सांगून टाका: मूठ आली तर ज्याची हरकत आहे त्याने आणि प्रस्ताव मांडणाऱ्याने दोघांनी बसून आठवड्यात बदललेला प्रस्ताव आणायचा, तरीही अडलं तर टीम लीड निर्णय घेईल आणि हरकतीला काय उत्तर आहे ते लिहून देईल. हरकत घेणाऱ्यालाच कामाला लावणं महत्त्वाचं, कारण नुसता नन्नाचा पाढा लावणारा माणूस तिथे आपोआप ओळखू येतो आणि ज्याला खरंच काळजी आहे तो चांगला मार्ग काढून आणतो.

सगळ्याच निर्णयांना हे लागू करू नका. सर्व्हर पडलाय, आग लागलीय, तिथे एकाने हुकूम द्यायचा. टी-शर्टचा रंग, मीटिंग रूमचं नाव यात कुणाचा वेळ घालवू नका. कायद्याने किंवा हेड ऑफिसने आधीच ठरवून टाकलंय त्यावर तर चर्चा ठेवूच नका. मॅनेजरच्या मनात निर्णय पक्का असताना "तुम्हीच ठरवा" म्हणून बैठक घेणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, लोकांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी खरोखर विचारलं तरी कुणी तोंड उघडत नाही. निर्णय माझा आहे, तुमचं मत ऐकून घेईन, असं सरळ सांगितलेलं शंभर पटीने बरं. सहमती राखून ठेवायची ती अशा गोष्टींसाठी ज्यांच्याबरोबर सगळ्यांना रोज काम करायचंय आणि ज्या सगळ्यांच्या मनापासूनच्या सहकार्याशिवाय चालणारच नाहीत: शिफ्ट, घरून कामाचे दिवस, कोड रिव्ह्यूचे नियम, नवीन टूल घ्यायचं का, कामाची वाटणी.

आणि झाल्यावर त्याच दिवशी अर्धं पान लिहा. काय ठरलं, का ठरलं, कुठल्या हरकती आल्या आणि त्यांचं काय केलं, कुणाची नापसंती आहे पण तो आड आलेला नाही, आणि हे परत कधी तपासायचं ती तारीख. ही तारीख असली की लोक होकार द्यायला फार घाबरत नाहीत, कारण चुकलं तर दुरुस्त करता येणार हे त्यांना दिसतं. वरच्या सपोर्टच्या उदाहरणात ही तारीख दिवाळीनंतरचा पहिला सोमवार ठेवता येईल, तोपर्यंत गणपती आणि दिवाळी दोन्ही होऊन गेलेले असतील, आणि छठ साधारण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, म्हणजे पाटण्याची ती मुलगी तेव्हा घरी असू शकते, तिचं म्हणणं आधीच लिहून घ्यायला विसरू नका.